पळायची वाट



'पळवाट' हा शब्द आपल्याकडे कधी चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या वस्त्यांवर आज अक्षरशः पळवाटा शोधल्या जात आहेत. नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव या बाजारगावांच्या आसपास कुठेही पहाटे जा, रस्त्याच्या कडेने मुले पळताना दिसतील. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात नुसती चप्पल, तीही हातात घेऊन. शहरातली माणसे पोट कमी व्हावे म्हणून पळतात, आमची मुले पोट भरावे म्हणून पळतात. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक भरती, जिथे जावे तिथे डोक्याबरोबर पायही मोजतात.

म्हणून या खेपेला आम्ही पळायच्या वाटांविषयी लिहीत आहोत. आम्ही स्वतः कचेरीत मान खाली घालून आकडे मांडणारी माणसे. आमचे धावणे एस.टी. सुटत असली तरच. पण वस्तीवर मुलांबरोबर बसले की हाच विषय पहिला निघतो, आणि त्यात पालकांनी लक्ष घालण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी हिशेब समजून घ्या. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, त्याला २० गुण. १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. मैदानात निम्मे गुण पडले तरच लेखी परीक्षेचा विचार. १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर तोडावे लागते, मुलींना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत. म्हणजे मुलाला दर ४०० मीटर साधारण ७७ सेकंदांत आणि मुलीला ८५ सेकंदांत. हे आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. 'पोरगा रोज लई पळतो' याला गुण नाहीत, सेकंदांना गुण आहेत.

आता वाटा. आपल्या या दोन तालुक्यांची ठेवण मोठी सोयीची आहे. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, भीमाशंकरचे डोंगर, तिकडे सपाट जागा शोधून सापडत नाही. पण जुन्नर-घोडेगाव सोडून पूर्वेला उतरू लागले की कुकडी, मीना आणि घोड या तिन्ही नद्यांची खोरी रुंद होत जातात आणि जमीन ताटासारखी पसरते. चढउतार नसल्याने वेळ नेमकी मोजता येते. काठाला हवा गार असते. ज्याला दम वाढवायचा आहे त्याला यापेक्षा चांगले मैदान पैसे देऊनही मिळायचे नाही.

जुन्नरच्या मुलांना लेण्याद्रीचा रस्ता तोंडपाठ आहे. गाव सोडले की कुकडीचा पूल, मग गोळेगाव, समोर डोंगराच्या कपाळावर कोरलेल्या लेण्यांची रांग. डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाट बहुतेक सपाट, आणि ज्याला मांड्या भक्कम करायच्या आहेत त्याला पुढे पायऱ्या आहेतच. चतुर्थी आणि रविवार मात्र टाळा, अष्टविनायकाच्या गाड्यांची रीघ असते. जाता जाता मुलांना एवढे जरूर सांगा की जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत केवळ राजेरजवाड्यांची नावे नाहीत. धान्य विकणारे, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, अशा कामकरी लोकांच्या श्रेण्यांची दाने तिथे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी हातावर पोट असलेल्यांनी संघाला आधार दिला, हे त्या दगडांवर वाचायला मिळते.

नारायणगाव हे टोमॅटोच्या बाजाराचे आणि विठाबाईंच्या तमाशाचे गाव. तिथल्या मुलांना मीना नदीची बाजू आणि पूर्वेकडचा खोडदचा रस्ता आहे. खोडदला आकाशाचा वेध घेणाऱ्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मोकळ्या माळावर त्या लांबून पांढऱ्या दिसतात आणि त्यांच्याकडे बघत पळताना वाट कशी सरते ते कळत नाही, असे मुले सांगतात. टोमॅटोच्या हंगामात मात्र याच रस्त्यांवर पिकअप गाड्या सुसाट असतात, आणि ऊसतोडीच्या दिवसांत विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर. त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. डांबरी रस्त्याने पळायचे तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे पळावे.

आंबेगाव तालुक्यात घोडेगावपासून कळंबपर्यंत घोड नदी सोबत करते. (ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हे आजच्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल?) मंचर नदीपासून अंमळ दूर, पण तिथल्या आणि सगळ्याच पूर्वेकडच्या गावांच्या मुलांना आणखी एक वाट आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत उत्तम : कॅनॉलची.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे कालवे आपल्या रानांतून गेले आहेत. कालव्याच्या भरावावर मातीचा रस्ता असतो. माती गुडघ्यांना सोसते, डांबर सोसत नाही. चढ जवळजवळ नाही, कारण पाणीच चढावर जात नाही. वर्दळ कमी. आणि हे स्पष्ट लिहिलेले बरे की तो कुणाच्या मळ्याचा बांध नाही, पाटबंधारे खात्याचा रस्ता आहे. 'इकडून का पळता' असे विचारणारा भेटला तर मुलांनी नमस्कार करावा, भरती सांगावी आणि पळत राहावे. आवर्तन चालू असताना फक्त पाण्याच्या कडेने जाऊ नये. शेवाळलेल्या उतारावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही सहज वर येता येत नाही.

एवढे सगळे चांगले असताना अडते कुठे? तर या कालव्यांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसात बिबट्या आला. बारा महिने आडोसा, पाणी, कुत्री, शेळ्या, त्याला आणखी काय हवे? २००१ ते २००३ या काळात जुन्नरने एकामागून एक हल्ले पाहिले. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले, त्याने प्रश्न सुटला नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तेही भरलेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतात वाकून काम करणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या, ते फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहिलेच असतील.

या भीतीचा पहिला परिणाम कुणावर झाला? मुलींवर. मुले दहा जण मिळून जातात, आरडाओरडा करतात, पळून येतात. मुलीला मात्र घरातून सांगितले जाते, 'यंदा राहू दे, ऊस तुटल्यावर बघू.' आम्ही एका वस्तीवर गेलो होतो, तिथे एक मुलगी भेटली. बारावी झालेली, आई टोमॅटो तोडणीला जाणारी. आठ महिने तिने सराव केला आणि दिवाळीनंतर घरच्यांनी बंद केला. आईचे म्हणणे खोटे नव्हते : 'दादा, नोकरी गेली तर गेली, पोरगी गेली तर कुठून आणू?' यावर पुस्तकी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पण भरतीची वयोमर्यादा मागासवर्गीयांना ३३ वर्षे असली तरी मुलीच्या लग्नाची बोलणी त्याच्या फार आधी सुरू होतात. तिचे एक वर्ष गेले की पुष्कळदा सगळेच जाते. ऊस दरवर्षी उभा राहतो.

तेव्हा त्या वस्तीवर त्याच संध्याकाळी विहारात बसून जे ठरले ते इथे देतो, कुणाला उपयोगी पडावे म्हणून.

पहिली गोष्ट वेळेची. चार-साडेचारला अंधारात पळण्याची फॅशन आहे, ती बंद. बिबट्या मुख्यतः रात्री, पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो. थंडीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सातला निघायचे, पाऊण तासात परत. कामावर जाणाऱ्या मुलीला ते जमत नसेल तर संध्याकाळी पाच ते सहा, दिवस बुडायच्या आत घरी. भरतीत अंधारात पळण्याला जादा गुण नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. लांबच लांब वाट कशाला? मुलीला ८०० मीटर पळायचे आहेत. कालव्यावरचा किंवा नदीकाठचा असा ४०० मीटरचा सरळ तुकडा निवडला की ज्याच्या दोन्ही अंगांना ऊस नाही, कांदा, गहू किंवा मोकळे रान आहे. पीक बदलले की तुकडा बदलायचा. गवंड्याकडची ३० मीटरची टेप आणली, १३ वेळा टाकून वर १० मीटर घेतले, झाले ४००. मोबाईलच्या मापावर विसंबू नये, त्याचे दहा-वीस मीटर इकडचे तिकडे होतात आणि इथे सेकंदावर गुण जातो. दोन्ही टोकांना एकेक मोठे माणूस उभे. आया, आज्या, कामावरून आलेले वडील, पाळ्या लावून दिल्या. टोकाला उभी राहणारी आजी घड्याळही बघते, तिला ८५ आकडा पाठ झाला आहे.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. नदीकाठी कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरे टाकली की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. ती जागा साफ करून घ्यावी, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आणि बिबट्या दिसलाच तर? पळणाऱ्याने पळायचे नाही. हे मुलांना अवघड वाटते, पण पाठ फिरवून धावणारे जनावराला भक्ष्य वाटते. उभे राहावे, हात वर करून मोठे दिसावे, ओरडावे, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकावे. उसाच्या कडेला बुटाची नाडी बांधायला खाली बसू नये. बसलेला माणूस त्याला लहान दिसतो. एकटे जाऊ नये, लहान भावंडाला सोबत नेऊ नये. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा.

आणखी एक. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुण दगावले. त्यानंतर अंतर कमी केले गेले, मात्र राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर आहेच. उपाशीपोटी, तापात, चक्कर येत असताना पळू नये. जिद्द चांगली, पण छातीत कळ आली तर थांबणे ही हार नव्हे.

पैशाचे म्हणाल तर खर्च फार नाही. मुलींसाठी ४ किलोचा आणि मुलांसाठी ७.२६ किलोचा असे दोन गोळे, एक टेप, एक थांबघड्याळ, आणि ज्यांना नाहीत त्यांना बूट. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात हे सगळे येऊन वर पैसे उरतील. मंडळाच्या कार्यकर्त्यांना राग आला तरी चालेल, त्यांनी हिशेब करून पाहावा.

त्या वस्तीवरची मुलगी आता पुन्हा पळते आहे. तिच्याबरोबर आणखी पाच जणी. मागच्या आठवड्यात तिची वेळ ३ मिनिटे ४ सेकंद होती, अजून १४ सेकंद कमी करायचे आहेत. टोकाच्या खुणा चुन्याच्या आहेत, कॅनॉलवरून गुरे गेली की पुसतात, त्या दर रविवारी नव्याने माराव्या लागतात.