सरफोजींचे सिंहासन नको, निर्णयाचा हक्क हवा



तंजावरला रेल्वे कामगारांचे दोन दिवसांचे अभ्यासशिबिर झाले. महाराष्ट्रातून आम्ही काही शाखा-सचिव गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीचा विषय होता: युनोच्या सुरक्षा परिषदेत विकसनशील देशांना न्याय्य प्रतिनिधित्व. विषय वाचून दाखवताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सेक्रेटरीसाहेब, गँगमध्ये माणसे कमी, जुनी पेन्शन गेली, आणि तुम्ही न्यूयॉर्कच्या खुर्च्या कसल्या मोजता?" सभागृह हसले, मीही हसलो. पण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तंजावरच्या मातीतच होते. तिथे वेळ अपुरा पडला म्हणून येथे मांडतो.

नागपट्टणम हे जुन्या तंजावर जिल्ह्याचे बंदर. इंग्रजी अमलात कावेरीच्या खोऱ्यातले गरीब मजूर या बंदरातून बोटीने मलायाच्या रबरमळ्यांवर जात. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि सयाम ते ब्रह्मदेश रेल्वे टाकण्यासाठी मळ्यांतल्या तमिळ मजुरांना हजारोंनी जंगलात नेले. ४१५ किलोमीटरची ती लाइन ऑक्टोबर १९४३ मध्ये जोडली गेली. तिथे मेलेल्या बारा हजारांवर गोऱ्या युद्धकैद्यांच्या कबरी आहेत, नावे आहेत. आशियाई मजूर किती मेले याची धड नोंदसुद्धा कोणी ठेवली नाही. अभ्यासक आकडा लाखाच्या आसपास धरतात. रूळ टाकणारी ती आपलीच जात, गँगमनची जात. युद्ध कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, हे त्यांना कोणी विचारले होते काय?

युद्ध संपले आणि जगाच्या शांततेचा कारभार पाहण्यासाठी १९४५ मध्ये सुरक्षा परिषद निघाली. त्या युद्धात भारताचे पंचवीस लाख जवान लढले होते. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला सनदेवर भारताच्या वतीने सही झाली, पण सही करणारे रामस्वामी मुदलियार इंग्रज सरकारने पाठवलेले होते. एक्कावन्न संस्थापक देशांत आफ्रिकेचे अवघे चार. पाच बड्यांनी कायमच्या खुर्च्या घेतल्या आणि हाती नकाराधिकार ठेवला. १९६५ मध्ये परिषद अकरावरून पंधरा सभासदांची झाली; वाढल्या त्या चारही जागा दोन वर्षांच्या मुदतीच्या. आज युनोचे सभासद १९३ आहेत. त्यांत आफ्रिकेचे ५४ देश, कायम जागा शून्य. लॅटिन अमेरिकेची शून्य. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या भारताची शून्य.

"हे सगळे जुने झाले," असे कोणी म्हणेल. मग १९९० ची गोष्ट ऐका. इराकने कुवेत घेतले, ऑगस्टमध्ये परिषदेने निर्बंध लादले. कुवेतमध्ये आपले दीड लाखांहून जास्त लोक अडकले होते, बहुतेक पोटासाठी गेलेले. त्यांच्यासाठी धान्याचे जहाज पाठवायचे तर भारत सरकारला परिषदेच्या निर्बंध समितीकडे परवानगी मागावी लागली. आपल्या कामगाराला आपले धान्य पोचवायला दुसऱ्याची परवानगी! आणि त्या वर्षी भारत परिषदेचा सभासदच नव्हता. आता सांगा, न्यूयॉर्कची खुर्ची गँगमनच्या घरापासून किती लांब आहे?

शांतिसेनेचेही तसेच. आजवर भारताचे पावणेतीन लाखांहून जास्त जवान युनोच्या निळ्या टोपीखाली गेले. सुमारे १८० परत आले नाहीत. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोत कॅप्टन गुरबचन सिंग सालारिया पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आजही शांतिसेनेत माणसे देणाऱ्यांत नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत हेच पुढे असतात. हुकूम लिहिण्याची खोली मात्र वेगळी. युनोच्या सनदेचे ४४ वे कलम काय म्हणते? परिषदेबाहेरच्या देशाकडे सैन्य मागायचे असेल, तर त्या सैन्याच्या वापराच्या निर्णयात भाग घ्यायला त्या देशाला बोलवावे. म्हणजे तत्त्व बड्यांना १९४५ सालीच मान्य होते. फक्त ते कागदावर राहिले.

यावर उत्तर ठरलेले असते: "खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलतो." कामगाराला हे वाक्य तोंडपाठ आहे. भांडवल माझे म्हणून निर्णय माझा. तुझे फक्त हातपाय. शंभर वर्षे आपण ज्या युक्तिवादाशी झगडलो, तोच युक्तिवाद सूट घालून न्यूयॉर्कला बसला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. शिबिर संपल्यावर आम्ही बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. तिथे भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. इतक्या दूर आपली अक्षरे पाहून ऊर भरून आला. मग साल वाचले: १८०३. सरफोजी राजे १७९८ मध्ये कंपनीच्या पाठबळाने गादीवर आले आणि १७९९ च्या तहात सगळ्या राज्याचा कारभार कंपनीला देऊन बसले. राजांकडे उरला किल्ला, भोवतालचा थोडा परिसर आणि तनखा. राजे विद्वान होते, सरस्वती महालाची ग्रंथसंपदा त्यांनी वाढवली, त्याबद्दल तंजावर आजही त्यांचे नाव आदराने घेते. पण शिलालेख कोरला जात होता तेव्हा शेतकऱ्याचा सारा आणि फौजेचा हुकूम कंपनीच्या हाती गेलेला होता. सिंहासन होते, छत्रचामरे होती, सहीला किंमत नव्हती. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादीसुद्धा खालसा केली.

विकसनशील देशांपुढे आज हेच सिंहासन ठेवले जात आहे. २००५ मध्ये आफ्रिकी देशांनी एकमुखाने मागणी केली: किमान दोन कायम जागा, पूर्ण अधिकारांसह. तत्त्व म्हणून नकाराधिकार आम्हाला नापसंत, पण तो आहे तोवर सर्वांना सारखा, ही त्यांची भूमिका. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या युनोतील राजदूतांनी आफ्रिकेच्या दोन कायम जागांना पाठिंबा दिला आणि त्याच दमात नकाराधिकार मिळणार नाही असेही सांगितले. हा १७९९ चा तहच नव्हे काय? आपल्या सरकारलाही आमचे सांगणे आहे. २००५ मध्ये भारत, ब्राझील, जर्मनी व जपान या चौघांनी नव्या सभासदांचा नकाराधिकार पंधरा वर्षे बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली होती. ती पंधरा वर्षे उलटूनही गेली. हाती काय आले?

पण आपली बाजू मांडताना आपलेही तपासले पाहिजे. काही देश म्हणतात, आणखी कायम सभासद म्हणजे आणखी वतनदार. यात तथ्य आहे. नकाराधिकाराचा लाभ आपणही घेतला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सोव्हिएत नकाराधिकार आपल्या पाठीशी होता. पण त्याच हत्याराने फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरील ठराव पाडला आणि अमेरिकेने गाझातील युद्धबंदीचे ठराव वारंवार पाडले. जे हत्यार आज आपल्या मित्राच्या हाती आहे ते उद्या आपल्या गळ्यावर येते. म्हणून सहावा वतनदार होणे हे आपले ध्येय असू नये. रेल्वेत युनियनची मान्यता गुप्त मतदानाने ठरते: २००७, २०१३, आणि मग २०२४. मतदान वेळेवर होत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडलेच पाहिजे. पण त्या पाच जणांनी १९४५ पासून एकदाही कोणापुढे मत मागितलेले नाही!

"हे बदलणार नाही," असे म्हणणाऱ्यांना ना. म. जोशींची आठवण देतो. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हा मराठी माणूस गेला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळात आठ जागा प्रमुख औद्योगिक देशांना होत्या. पहिल्या यादीत भारताचे नाव नव्हते. भारत गुलाम होता, तरी त्याने हरकत घेतली, गिरण्या, रेल्वे आणि कामगारांची संख्या पुढे ठेवली, आणि १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने भारताला त्या आठांत घेतले. त्या मंडळात सरकारे, मालक आणि कामगार वेगवेगळे बसतात, आणि नकाराधिकार कोणालाच नाही. तिथे जग बुडाले नाही.

आडकाठी मोठी आहे, हे मान्य. १०८ व्या कलमाप्रमाणे सनद बदलायला दोनतृतीयांश सभासद हवेतच, शिवाय पाचही बड्यांची मान्यता हवी. मालकाच्या सहीशिवाय स्थायी आदेश बदलायचे नाहीत, असला हा कायदा. पण मालकाची सही मिळते कशी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ती एकजुटीने मिळते. आज आफ्रिका एक बोलते, आपण दुसरे बोलतो, शेजारी तिसरे. आणि पाच जण निवांत आहेत.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत ठराव करावा आणि महासंघामार्फत सरकारकडे पाठवावा. सरकारने आफ्रिकेशी एकत्र मागणी मांडावी. नव्या कायम जागा ठरावीक मुदतीने फेरनिवडीला बांधाव्यात. नकाराधिकार सर्वांसाठी आवळत नेऊन शेवटी काढून टाकावा. आणि तोवर ज्यांचे जवान जातात त्या देशांना निर्णयाच्या खोलीत बसवावे, ४४ व्या कलमाच्या शब्दाप्रमाणे.

मी मॅट्रिक शिकलेला माणूस, परराष्ट्रनीतीचा पंडित नव्हे. पण वाटाघाटीच्या टेबलावर पंचवीस वर्षे बसलो आहे. मानाची खुर्ची आणि मताची खुर्ची यांतला फरक मला कळतो. मागच्या बाकावरच्या त्या मित्रालाही तो कळेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!