नकलेचा उत्सव आणि नावाची मालकी

नकलाकार हा उत्तर-आधुनिक समीक्षेचा लाडका नायक आहे. तो पडद्यावर अवतरला की समीक्षकाचे अर्धे काम झालेलेच असते. झां बोद्रियार यांच्या १९८१ च्या ग्रंथातील प्रतिरूपाची संकल्पना हाताशी असते. मूळ असे काही उरलेलेच नाही, आहेत त्या केवळ प्रतींच्या प्रती, हा निष्कर्ष संहिता वाचण्यापूर्वीच सिद्ध असतो. उदाहरण तेवढे जोडावयाचे राहते. या सुलभ वाचनात नेमके काय दृष्टिआड होते, हे तपासण्यासाठी डॉन कॉस्करेली या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘बबा हो-टेप’ (२००२) हा चित्रपट उपयुक्त ठरतो. वरवर पाहता तो या सिद्धान्ताचे आयते उदाहरण वाटतो. प्रत्यक्षात तो त्याचा प्रतिवाद करतो.

जो लान्सडेल यांच्या १९९४ मधील दीर्घकथेवर आधारलेला हा चित्रपट सुमारे १० लाख डॉलरांत तयार झाला आणि अवघ्या ३२ प्रतींनिशी फिरत फिरत त्याने आपला निष्ठावंत प्रेक्षकवर्ग मिळवला. पूर्व टेक्सासमधील एका वृद्धाश्रमात खाट आणि वॉकर यांच्यात अडकलेला एक म्हातारा स्वतःला एल्विस प्रेस्ली म्हणवतो. जगाच्या लेखी एल्विस १९७७ मध्येच वारला. म्हाताऱ्याचे म्हणणे असे की, कीर्तीला विटून त्याने सबॅस्टियन हॅफ या आपल्या नकलाकाराशी जागेची अदलाबदल केली. मेला तो हॅफ. मनात येईल तेव्हा परतण्याची मुभा देणारा करारनामा होता, तो आगीत जळाला. पुढे स्वतःचीच नक्कल करून पोट भरत असता तो मंचावरून पडला आणि कायमचा जायबंदी झाला. आश्रमातील लोक त्याला हॅफ म्हणूनच ओळखतात. तेथलाच जॅक हा कृष्णवर्णीय वृद्ध आपण राष्ट्राध्यक्ष केनेडी असल्याचे सांगतो. हत्येच्या प्रयत्नानंतर आपल्याला रंगवून काळे केले गेले, अशी त्याची कैफियत आहे. वृद्धांचे आत्मे गुदद्वारावाटे शोषून घेणाऱ्या एका इजिप्शियन ममीशी हे दोघे लढतात आणि त्या लढ्यातच मरतात.

या कथेत खरा कोण हे ठरवता येत नाही, म्हणून खरे-खोटे हा भेदच निरर्थक ठरतो, असा युक्तिवाद केला जातो. त्यातील तर्कदोष उघड आहे. पुराव्याचा अभाव म्हणजे वस्तुस्थितीचा अभाव नव्हे. अदलाबदलीची पूर्वदृश्ये चित्रपट दाखवतो, पण ती त्या म्हाताऱ्याच्याच निवेदनातून; शिवाय एल्विस आणि हॅफ या दोन्ही भूमिका ब्रूस कॅम्पबेल हा एकच नट करतो. प्रेक्षकाला स्वतंत्र साक्षीदार मिळणार नाही, याची ही हेतुपूर्वक केलेली तजवीज आहे. मात्र त्यातून उभा राहणारा प्रश्न ‘मूळ आहे की नाही’ हा नसून ‘एखाद्याचे म्हणणे खरे मानण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो’ हा आहे. म्हाताऱ्याचा खोलीसोबती मरतो तेव्हा त्याची मुलगी येऊन त्याची छायाचित्रे आणि युद्धात मिळालेले पदक कचऱ्यात टाकते. येथे कोणतेही प्रतिरूप नाही, प्रतींचा खेळ नाही. एका माणसाच्या असण्याचा पुरावा नाहीसा होतो, एवढेच घडते. प्रतिरूपाच्या सिद्धान्ताकडे या दृश्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

मराठी वाचकाला हा भेद नवा नसावा. पानिपतानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाला १७७६ मध्ये देहान्त शासन झाले, न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. त्या प्रकरणात दुसऱ्याचे नाव धारण करणाऱ्याला सत्तेने खोटा ठरवले. कॉस्करेलींचा नायक, त्याचा शब्द खरा मानला तर, या तोतयाचा व्यत्यास आहे: स्वतःचेच नाव सांगणारा माणूस तोतया ठरतो. दोन्हीकडे निर्णय साक्षीपुराव्याच्या यंत्रणेचा असतो. तोतया, बहुरूपी आणि नकल्या हे तीन शब्द मराठीने वेगळे राखले आहेत. बहुरूप्याचे सोंग सर्वांना ठाऊक असते. तोतयाचे सोंग उघडे पडले की त्याचा जीव जातो. या तिघांना एकाच ‘प्रतिरूपा’त कोंबणारी परिभाषा भाषेपेक्षा दरिद्री म्हटली पाहिजे.

मूळ नाहीसे झाले, असे सिद्धान्त सांगत होता त्याच वर्षांत अमेरिकेतील कायदा त्या मुळाची मालकी निश्चित करीत होता. एल्विसच्या इस्टेटीने एका नक्कल-प्रयोगाच्या निर्मात्याविरुद्ध न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात दाद मागितली. नकलेत स्वतंत्र निर्मिती किती आणि निव्वळ व्यापारी उपयोग किती, हे न्यायालयाला १९८१ मध्ये तपासावे लागले. १९८४ मध्ये टेनेसी राज्याने नाव आणि छबी यांवरील हक्क वारसाहक्काने चालणारा ठरवला. बोद्रियार यांचा समर्थक म्हणेल की, बाजारातील ही छबी म्हणजेच तर प्रतिरूप. तसे मानले तरी तिला मालक आहे, हे उरतेच; आणि मालकाचा विचार उत्सवी वाचनात कोठेही येत नाही. प्रस्तुत चित्रपटात एल्विसचे एकही गाणे नाही, कारण ते विकत घेणे निर्मितीच्या आवाक्याबाहेर होते. आपलाच आवाज ज्याच्या मालकीचा नाही, अशा गायकाची ही कथा त्या आवाजावाचूनच सांगावी लागली.

विडंबन म्हणजे चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती, ही लिंडा हचन यांची मांडणी (१९८५) येथे अधिक उपयोगी पडते. कारण ती अंतर कोणापासून, हे विचारायला लावते. या चित्रपटातील हास्य एल्विसवर रोखलेले नाही. ते हसून ऐकून घेणाऱ्या परिचारिकेवर, वृद्ध मेला तर चौकशीही न करणाऱ्या व्यवस्थेवर, आणि अखेरीस प्रेक्षकावर रोखलेले आहे. गोऱ्या म्हाताऱ्याच्या दाव्यावर प्रेक्षक चटकन विश्वास ठेवतो आणि काळ्या म्हाताऱ्याच्या दाव्याला हसतो. पुरावा मात्र दोघांकडेही सारखाच तोकडा असतो. चित्रपटही पूर्णतः निर्दोष नाही: एल्विसच्या दाव्याला तो पूर्वदृश्यांचा आधार देतो, जॅकच्या दाव्याला देत नाही. परंतु जॅकची भूमिका ऑसी डेव्हिस करतात. १९६५ मध्ये माल्कम एक्स यांच्या अंत्यविधीप्रसंगी श्रद्धांजलीचे भाषण करणारे हेच डेव्हिस. त्यांच्या संयत, प्रतिष्ठित अभिनयामुळे प्रेक्षकाचे हसू हळूहळू अवघडत जाते. सर्व प्रती समान मानणाऱ्या दृष्टीला दोन दाव्यांतील ही विषमता दिसूच शकत नाही.

प्रतिरूपाची संकल्पना त्याज्य आहे, असा याचा अर्थ नाही. जाहिरात, दूरचित्रवाणी, निवडणुकीतील छबी यांच्या विश्लेषणात तिचे मोल आहे. आक्षेप आहे तो तिचा शिक्का करून कोणत्याही संहितेवर मारण्याला. नकलाकाराच्या कथेत कोणाला आपले नाव गमवावे लागले, ते कोणाच्या खाती जमा झाले आणि न्याय मागण्यासाठी कोणती जागा उरली, हे प्रश्न न विचारता जी समीक्षा मुळाच्या अभावाचा आनंद साजरा करते, तिची जागा त्या वृद्धाश्रमात ठरलेली आहे. म्हातारा आपले नाव सांगतो तेव्हा ‘बरं, मिस्टर हॅफ’ असे समजूतदारपणे म्हणून चादर नीट करणाऱ्यांपैकीच ती एक आहे.