ड्रॉवरमधलं अंतराळयान

शनिवारची रात्र. मित्रमंडळी पबमध्ये आणि अस्मादिक टेबललॅम्पखाली प्लास्टिक शीट कापतायत! याला म्हणतात स्क्रॅचबिल्डिंग. रेडीमेड किट नाही. अख्खं यान हातानं घडवायचं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्येही मॉडेलमेकर्सनी रणगाड्यांच्या, विमानांच्या किटमधले सुटे भाग यानांवर चिकटवले होते. म्हणून तर ती वापरून जुनी झालेली, खरीखुरी वाटली.

माझी इंजिनं बॉलपेनच्या टोपणांची. परवा सॉल्व्हंट जरा जास्त पडलं आणि तीन आठवड्यांची मेहनत वितळली. ऑफिसात ‘अन्डू’ असतं, इथे नाही! चडफडलो, पुन्हा कापायला बसलो. कारण माझं मागच्या महिन्याचं प्रेझेंटेशन आज कुणालाच आठवत नाही, मलासुद्धा. हे यान मात्र शेल्फवर दिसेल. तर बॉस, बंद पडलेला रिमोट फेकू नका. उघडून बघा!