किडनीच्या रिपोर्टातली ती एक ओळ

इथं आपण सगळे आठवणी लिहितो. कुणाचे आजोबा परभणीकडून आले, कुणाचे नांदेड-जालन्याकडून. बहात्तरच्या दुष्काळानं कितीतरी घरं या डोंगराळ मुलखात आणून सोडली, त्यातलंच आमचंही एक. आज मात्र आठवणींपेक्षा मत जास्त लिहितोय, कारण गेली चार वर्षं मी किडनीचा पेशंट आहे आणि या गोष्टीवर आपल्या माणसांत कुणीच बोलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात किडनीचा जुना आजार असेल तर नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर थांबू नका. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडाही मागून घ्या. कुठल्या रिपोर्टात तो ‘टोटल सीओटू’ म्हणून छापतात, कुठं ‘बायकार्बोनेट’ म्हणून.

आता नावानंच घोटाळा होतो. माझा आकडा १७ आला तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, कार्बन म्हणजे धूरच ना? कमी झाला तर बरंच झालं की!” मावशींचं काय चुकलं? शिकलेली माणसंही असंच समजतात. पण रिपोर्टातला हा आकडा धुराचा नाही. तो बहुतेक सगळा बायकार्बोनेटचा असतो, म्हणजे रक्तातल्या सोड्याचा म्हणा. मोठ्या माणसात तो साधारण २२ ते २९ च्या मध्ये असावा लागतो.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. आंबट ताकात चिमूटभर सोडा टाकला की फसफसतं. आंबटपणा मरतो, पण सोडाही संपतो, आणि जो वायू निघतो तो कार्बन डायऑक्साइड. आपल्या अंगात रोज हेच चालतं. खाल्लेल्या अन्नातून आम्ल तयार होतं, रक्तातला सोडा ते मारतो, निघालेला वायू फुप्फुसं बाहेर टाकतात. किडनीचं काम असं की आम्ल लघवीतून काढायचं आणि संपलेला सोडा रक्ताला परत भरून द्यायचा. किडनी थकली की भरणा कमी पडतो. आकडा खाली जातो आणि रक्तात आम्ल साठतं.

मग होतं काय? स्नायू झिजतात, हाडं कमजोर होतात, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. आम्ल फार वाढलं तर श्वास खोल आणि जोरात चालतो, कारण किडनीचं राहिलेलं काम फुप्फुसं ओढत असतात. मला जेवण जात नव्हतं, मांड्या पार उतरल्या होत्या, आणि शेताचा बांध चढला तरी धाप लागायची. सगळे म्हणायचे वय झालं. आमच्या वडिलांच्या काळात तर धाप लागली की दमा आणि अंग गळालं की अशक्तपणा, असे दोनच आजार होते. त्यातल्या किती जणांची किडनी गेली होती, आज कोण सांगणार?

एका दवाखान्यात मी दीड वर्ष जात होतो. दर वेळी क्रिएटिनिन, युरिया, साखर बघायचे. ही तपासणी कुणी लिहिलीच नाही. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिली, आणि सोडियम बायकार्बोनेटची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. स्वस्तातली गोळी आहे. तीन महिन्यांत आकडा २१ वर आला. किडनी बरी झाली असं मी म्हणत नाही, ती झालेली नाही. पण जेवण जातंय, बांध चढतोय.

आता कुणी म्हणेल, एवढीच गोष्ट असेल तर दुकानातून सोडा आणून खाऊ. माझं स्वतःचं किराणा दुकान आहे, सोड्याची पाकिटं मीच विकतो, म्हणून हात जोडून सांगतो, हे करू नका. चहाचा एक सपाट चमचा सोडा साधारण पाच ग्रॅम भरतो, म्हणजे दहा गोळ्या एका घोटात. त्यात सव्वा ग्रॅमच्या वर सोडियम असतं. बीपी चढेल, पाय सुजतील, हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या छातीत पाणी भरू शकतं. आकडा २९ च्या वर जाणंही चांगलं नाही. सोडा जास्त झाला, उलट्या फार झाल्या, लघवी वाढवणारी गोळी जास्त लागली, तरी तो वर जातो. आणि आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाचा आकडा वर असेल तर दोष फुप्फुसातही असू शकतो. म्हणून गोळी डॉक्टरांनी ठरवायची, आपण नाही.

डॉक्टरांचंही यावर पूर्ण एकमत नाही, तेही सांगतो. २००९ साली लंडनमधल्या १३४ पेशंटांचा अभ्यास छापून आला. त्यात सोड्याच्या गोळीनं किडनी बिघडण्याचा वेग कमी झालेला दिसला. २०२० साली ब्रिटनमध्येच साठीच्या पुढच्या ३०० जणांवरचा अभ्यास आला, त्यात काही खास फायदा दिसला नाही. किडनीच्या उपचारांचे नियम सुचवणारी केडिगो ही आंतरराष्ट्रीय संस्था २०१२ मध्ये २२ च्या खाली गोळी सुचवत होती. २०२४ मध्ये तिनं धोरण सैल केलं, आकडा १८ च्या खाली जाऊ नये असं बघा म्हणाली. म्हणजे २०-२१ आला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आकडा माहीतच नसेल तर डॉक्टर तरी काय ठरवणार?

खाण्याचंही तसंच. मटण-अंड्यानं आम्ल वाढतं, फळं-भाज्यांनी कमी होतं, हे खरं. पण किडनीच्या पेशंटला केळी, संत्री, नारळपाणी पोटॅशियममुळं महागात पडू शकतं. दुसऱ्याचा आहार आपल्या ताटात घेऊ नये.

आपली खरी अडचण मला वेगळी वाटते. डॉक्टर तेलुगूत बोलतात, रिपोर्ट इंग्रजीत येतो, आणि आपण घरी मराठीत त्याचा अर्थ लावतो. या तीन भाषांच्या मधे ती ओळ हरवते. त्यात अंतर आहे. उटनूर, इंद्रवेल्ली करत आदिलाबादला जायचं, नाहीतर चंद्रपूर गाठायचं. नमुन्याची बाटली उघडी राहिली किंवा फार वेळ पडून राहिली तर वायू उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून एकाच रिपोर्टावर घाबरू नका, शंका आली तर परत करा.

आपल्या नार्नूरला २०२५ च्या एप्रिलमध्ये आकांक्षी ब्लॉकच्या कामासाठी पंतप्रधान पुरस्कार मिळाला. मलाही अभिमान वाटला. पण अजून ही साधी तपासणी करायला मला गाव सोडून जावं लागतं. किडनीच्या पेशंटाचा नमुना मंडळातच नीट घेतला जावा आणि वेळेत पुढं जावा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून केली पाहिजे. एकट्या माणसाचं कोण ऐकतं?

तोवर घरातल्या एका शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं पेशंटची फाईल सांभाळावी. दर वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: बायकार्बोनेट किती आहे, मागच्या वेळी किती होतं, आणि गोळी लागणार आहे का. तेलुगू येत नसेल तर कागदावर लिहून न्यावं. दुखण्याची गोळी मनानं घेऊ नये, तिनं किडनी आणखी बिघडते.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी खाली लिहा, तपासणी कुठं करून घेता आणि कितीला पडते. पुढच्या माणसाची एक खेप तरी वाचेल.