आधीं रेघ, मग करवत

शाळेचें प्रदर्शन जवळ आलें कीं पेठेंतील स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी उसळते. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, पवनचक्की, कौलारू घर, जें मागाल तें तयार मिळतें. ज्या घरीं विकत घेणें कमीपणाचें वाटतें, तेथें वडील रात्रीं अकरापर्यंत जागून तें घर डकवितात, आई त्यास रंग देते, आणि ज्याच्या नांवाची चिठ्ठी वस्तूवर लागावयाची तें मूल शेजारच्या खोलींत झोंपलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं बक्षीस मिळतें. तें खरोखर कोणास मिळालें, हें मुलास पक्कें ठाऊक असतें. आणि त्या दिवशीं त्यानें जो धडा घेतला तो कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं.

या महिन्यांत आम्हीं वाचकांपुढें मांडावयाचा विषय तो हाच: लहान मुलांस वस्तु योजण्याचें व घडविण्याचें शिक्षण. इंग्लंडांत यास ‘डिझाइन ॲण्ड टेक्नॉलॉजी’ असें म्हणतात, आणि तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमांत १९९० सालीं त्यास पांचव्या वर्षापासूनच्या मुलांकरितां स्थान मिळालें. नांव परकें असलें तरी गोष्ट आपल्याच शब्दांत दडलेली आहे. ‘तंत्र’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणें या धातूपासून झाला. विणकराचा माग आणि त्यावर ताणलेले उभे धागे हा त्याचा जुना अर्थ. ‘कल्पना’ हा शब्द ‘कॢप्’ या धातूचा. जुळणें, बेतणें, योग्य रीतीनें मांडणें हा त्यांतील भाव. ज्यांनीं हे शब्द घडविले, त्यांच्या मनांत विचार आणि हात शेजारींच नांदत होते. आपण मात्र एकास कचेरींत पाठविलें व दुसऱ्यास कारखान्यांत.

या शिक्षणाचें मर्म थोडक्यांत सांगतां येईल. मुलापुढें वस्तु ठेवावयाची नाहीं, अडचण ठेवावयाची. आजीचा चष्मा रात्रीं उशाशीं सांपडत नाहीं. त्यास जागा कर. बाजारांतून आणलेल्या कोथिंबिरीवर बटाटे पडून ती चुरगळते; अशी पिशवी योज कीं तसें होऊं नये. मुलानें आधीं विचार करावा, चित्र काढावें, त्यावर मापें घालावीं, काय काय लागेल त्याची यादी करावी, कोणतें काम आधीं व कोणतें मागून तें लिहावें. मग वस्तु करावी, ती वापरून पाहावी, आणि जेथें फसली तेथें पुन्हा चित्राकडे जावें. शाळेंतील हस्तव्यवसायांत नमुना गुरुजींचा असतो आणि हात मुलाचे. येथें नमुनाहि मुलाचाच असतो. भेद इतकाच, परंतु सर्व शिक्षण त्या भेदांत आहे.

हातांस काम द्यावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें योजना आंखली, आणि टकळी शाळेंत आली. आपल्या पांढरपेशा वर्गांत तिचें स्वागत कोरडेंच झालें. ‘आमच्या मुलांनीं काय आतां सुतारकी करावयाची?’ हा प्रश्न कोणी उघड विचारला, कोणी मनांत ठेविला. पुढें १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली व तो विषय वेळापत्रकांतहि आला. परंतु त्या तासाला बहुधा काय होतें? फळ्याजवळ एक नमुना, आणि चाळीस मुलांचीं चाळीस सारखीं कागदी फुलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ काम शिकण्याची सोय सुचविली आहे. सूचना चांगली, पण सहावीपर्यंत मुलाचे हात भित्रे झालेले असतात. तिसरी-चौथींतलें मूल मातीस, चिंध्यांस, खिळ्यांस भीत नाहीं; आरंभ तेथेंच व्हावयास पाहिजे.

हें मराठी मुलांस जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. मुंबईस मानखुर्द येथें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याची स्थापना १९७४ ची. तेथील अभ्यासकांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत सहावीच्या सुमाराच्या मुलांबरोबर नेमका हाच प्रयोग केला. त्या मुलांत शहरांतील इंग्रजी व मराठी माध्यमाचीं होतीं, तशींच ग्रामीण भागांतील मराठी माध्यमाचींहि होतीं. कामें तीन: पुस्तकांची पिशवी, वाऱ्यावर फिरून वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृति, आणि कठपुतळ्यांसारख्या बाहुल्या करून त्यांचा खेळ. मुलांनीं गटागटानें चर्चा करून चित्रें काढलीं, मापें लिहिलीं, कामाचा क्रम ठरविला, आणि शेवटीं आपल्या व इतरांच्या वस्तूंची पारख केली. पिशवी शिवावयाची म्हटल्यावर मुलग्यांच्या हातीं सुई आली, पवनचक्की करावयाची म्हटल्यावर मुलींच्या हातीं हत्यारें आलीं, हा लाभ निराळाच.

आमच्या भागास तर या शिक्षणाचें साहित्य शोधावयास दूर जावें लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशांत खोदलेला नीरेचा डावा कालवा बारामती गांवांतून इंदापूर तालुक्याकडे जातो. इतकें पाणी इतक्या कोसांवर पंपावांचून केवळ उतारानें कसें जातें, हें त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या किती मुलांनीं स्वतःस विचारलें असेल? एका परातींत ओली माती थापून तींत वळणावळणाची चारी कोरावी, परातीच्या एका कडेखालीं पातळ पुस्तक सारावें, आणि तांब्याभर पाणी हळूं सोडावें. उतार फार झाला तर माती वाहून जाते, कमी झाला तर पाणी तुंबतें. मुलास अभियंत्याची सारी चिंता अर्ध्या तासांत कळते. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर साखरेच्या कारखान्यामुळें वसलें. पुढें तेथेंच यंत्रें घडूं लागलीं, आणि २०२३ सालीं चांद्रयान-३ ज्या प्रक्षेपकानें उडालें त्याचे कांहीं भाग तेथें तयार झाले होते. बारामतीस २०२२ सालीं विज्ञान व नवकल्पना यांचें मोठें केंद्रहि उघडलें आहे. मुलांस तें अवश्य दाखवावें. परंतु पाहणें निराळें आणि करणें निराळें.

करण्यानें काय घडतें, याचें एक उदाहरण सांगतों. निवृत्तीपूर्वीं आम्ही इंदापूर तालुक्यांतील एका शाळेंत होतों. चौथीच्या वर्गास आम्हीं काम दिलें: दोन बांकांमध्यें हातभर अंतर, जुनीं वर्तमानपत्रें व सुतळी एवढ्यांतच असा पूल करा कीं त्यावर भरलेलें दप्तर राहील. पहिल्या बांकावरील हुषार मुलांनीं कागदाच्या घड्या एकावर एक रचल्या. पूल मधोमध वांकला व दप्तर खालीं आलें. मागें ऊंसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा बसे. वाचन अडखळत, पाढे बाराच्या पुढें नाहींत. त्यानें कागदाच्या घट्ट सुरळ्या केल्या, त्या सुतळीनें शेजारीं शेजारीं बांधल्या, आणि दप्तर त्यांवर ठेविलें. पूल टिकला. “हें तुला कोणीं शिकविलें?” म्हणून विचारलें, तर म्हणाला, “कुणी न्हाई, गुरुजी. आमच्या कोपीला बांबू हायती, ते वाकत न्हाईत.” कागद तितकाच असला तरी नळी केल्यानें तो मध्यापासून दूर जातो व वांकण्यास अधिक विरोध करतो, हा पदार्थविज्ञानाचा धडा साऱ्या वर्गानें त्या दिवशीं त्याच्याकडून घेतला. पुढें गळिताचा हंगाम संपला, टोळी आपल्या मुलखास परत गेली, आणि तिच्याबरोबर तोहि गेला. त्याच्या प्रगतिपुस्तकांत पुलासाठीं रकाना नव्हता.

असा रकाना नसल्यानें नुकसान त्या एका मुलाचें होतें असें समजूं नये. घड्या रचणाऱ्या मुलांचेंहि होतें. आपल्याहून अधिक जाणणारा कोणी मागच्या बांकावर बसला आहे, हें त्यांस कधीं कळतच नाहीं. आणि तीं मोठीं होऊन ज्यांच्यासाठीं घरें, यंत्रें व कायदे आंखतात, त्यांच्या हातांतील ज्ञान त्यांच्या हिशेबांत येत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं विद्येचा मान पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातांच्या विद्येस तो मान आपण फार काळ दिला नाहीं, हें येथें स्वच्छ म्हटलें पाहिजे. ज्यांनीं दिला त्यांचें काय झालें, तेंहि डोळ्यांपुढें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचीं चित्रें काढावयास शिकवीत. तोच हात चित्राच्या कागदावरून लोखंडाकडे वळला, आणि त्यांतून लोखंडी नांगर झाला. १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें, डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढिला. तेथें मुलें काम करतां करतां शिकतात, आणि तेथील अभ्यासक्रम पुढें माध्यमिक शाळांतहि गेला.

आतां घरीं काय करावें? फार खर्च नाहीं. एका जुन्या पेटींत मोजपट्टी, पेन्सिल, कात्री, सुई-दोरा, सुतळी, लहान हातोडा, थोडे खिळे, पुठ्ठे व चिंध्या ठेवाव्या, आणि ती पेटी मुलाची असें जाहीर करावें. नियम एकच: आधीं चित्र. चित्र वेडेंवांकडें असलें तरी चालेल. पण त्यावर मापें पाहिजेत. मूल चुकतांना दिसलें तर आपले हात मागें बांधावे, हें आई-बापांस सर्वांत कठीण. वस्तु मोडली तर तीन प्रश्न विचारावे: कोठें मोडली? तेथेंच कां मोडली? आतां काय बदलशील? उत्तर आपण देऊं नये. कात्री-हातोडा चालवितांना मात्र जवळ बसावें. बोट कापेल या भीतीनें पेटीच बंद करणें म्हणजे पडेल म्हणून मुलास चालूंच न देणें.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा वेळ यांत जाईल, हा आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. आठवड्याचा एक तास त्या परीक्षेस बुडविणार नाहीं. उलट, अपूर्णांक वहींत न समजलेलें मूल पाऊण वीत पट्टी तीन ठिकाणीं सारखी कापतांना तो समजून घेतें. आणि पुढील प्रदर्शनास घरांतून वांकडी, डिंकाचे डाग पडलेली, परंतु मुलाच्याच हातची वस्तु जाऊं द्यावी. तिला बक्षीस मिळणार नाहीं. मूल मात्र तिच्याशेजारीं उभें राहून ती कशी केली हें सांगूं शकेल, आणि तयार वस्तूशेजारचें मूल गप्प राहील. शिक्षकांनीं हा फरक पाहावा व त्यावरच गुण द्यावे, अशी आमची शिक्षकबंधूंस विनंति आहे.

शेवटीं एक सोपी सूचना. घरीं दार-खिडकी बसवावयास सुतार येईल तेव्हां मुलास त्याच्याजवळ बसवावें, ‘अहो मिस्त्री’ म्हणून आदरानें बोलावयास शिकवावें, आणि तो काय करतो तें पाहूं द्यावें. तो एकदम करवत उचलीत नाहीं. लांकूड डोळ्यासमोर धरून पाहतो, माप घेतो, गुण्या लावतो, रेघ ओढतो, पेन्सिल कानावर खोंवतो. करवतीची पाळी त्यानंतर. चहा पितांना मुलानें त्यास विचारावें कीं रेघ चुकली तर काय करतां. त्याचें उत्तर मुलानें आपल्या वहींत लिहून घ्यावें. तो त्याचा पहिला पाठ होय.