सरड्याची धाव

आमच्या घरात गेल्या आषाढापासून अबोला नांदत होता. तसा तो मोठा सुसंस्कृत अबोला! भांड्याला भांडे लागत नव्हते, आवाज चढत नव्हता. एवढेच, की आमचे चिरंजीव आणि मी एकमेकांशी बोलायचे झाले तर ते त्यांच्या आईमार्फत बोलत होतो.

कारण तबला. चिरंजीव सात वर्षांचे असल्यापासून गुरुजींकडे शिकत होते. जोडी माझ्या वडिलांची. डग्ग्याच्या पितळेवर त्यांच्या हाताने पडलेला पोचा अजून तसाच आहे. यंदा अकरावीत गेल्यावर एका रात्री जेवताना चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, मी आता क्लासला जाणार नाही. कॉलेजातल्या मुलांच्या बँडमध्ये ड्रम वाजवणार आहे."

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द जपून वापरावेत असे दुसऱ्यांना शिकवतो. त्या रात्री मात्र तोंडून निघून गेले, "म्हणजे दहा वर्षं शिकून शेवटी डबेच बडवणार!" मुलगा पानावरून उठला. ताटात वरणभात तसाच होता.

पुढे दोन महिन्यांनी, धो धो पावसाच्या एका रविवारी, तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "आई, बाबांना विचार, बेचाळीस मिनिटं आहेत का त्यांना?" आमचा तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. विद्यार्थी माझे ऐकतात, तेवढे मी कुणाचे ऐकायला काय हरकत होती?

त्याने लावली ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेतली, १९७३ सालची. नाव 'हेड हंटर्स', कर्ता हर्बी हॅनकॉक. एकंदर चारच रचना, आणि सबंध तबकडीत गीताचा एक शब्द नाही. पहिल्या रचनेचे नाव 'कमिलियन', म्हणजे रंग बदलणारा सरडा. सुरुवातीला सिंथेसायझरवर खर्जातली एक ओळ येते आणि तीच पुन्हा पुन्हा फिरत राहते. मी सवयीने बोटांवर मोजू लागलो. आठ मात्रा! शिवाय समेच्या आधीच दोन-तीन सुरांची पायरी चढून ती ओळ समेवर येऊन बसते. मग हार्वी मेसनचे ड्रम येतात, पॉल जॅक्सनचे बास येते, आणि या फिरत्या ओळीच्या आधाराने बाकीचे स्वैर विहार करू लागतात.

मी न राहवून थेट मुलालाच म्हणालो, "अरे, हा तर लेहरा!"

तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवर एकच सुरावट अखंड वाजत असते. ती तबलजीला बांधत नाही. उलट तिच्या भरवशावरच तो लांब जाऊ शकतो. 'हे सगळे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याची आपल्याला एक खोड आहे. तसे मला म्हणायचे नाही. त्यांचा वंश वेगळा, गोत्र वेगळे. पण अनोळखी गावात ओळखीचे दार दिसावे, तसे मला झाले खरे.

मग मी हॅनकॉकसाहेबांची माहिती काढली. जन्म शिकागोचा, १९४० सालचा. अकराव्या वर्षी हा मुलगा शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्ट वाजवत होता. कॉलेजात आधी त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग धरले, पुढे संगीताकडे वळला. १९६३ मध्ये माइल्स डेव्हिससारख्या उस्तादाच्या संचात त्याला जागा मिळाली. सत्तरीच्या आरंभी त्याचे स्वतःचे संगीत इतके गहन झाले, की ऐकणारे थोडेच उरले. तेव्हा त्याला वाटले, आकाशात फार भटकलो. आता पाय जमिनीला लागू देत. रस्त्यावरची मंडळी ज्यावर नाचतात, त्या फंक संगीताची त्याला मनापासून आवड होती. जुन्या संचातला बेनी मॉपिन तेवढा त्याने बरोबर ठेवला आणि बाकीचा संच नवा बांधला.

अपेक्षेप्रमाणे जाणकारांनी नाके मुरडली. हा बाजारात बसला, म्हणाले. तबकडीच्या मात्र दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ठरवलेल्या ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. हा सरडा कुंपण ओलांडून गेला!

दुसरी रचना 'वॉटरमेलन मॅन', म्हणजे कलिंगडवाला. लहानपणी शिकागोच्या गल्लीतून कलिंगडाची गाडी जायची. तिच्या चाकांचा फरशीवरचा ठेका या रचनेच्या मुळाशी आहे. १९६२ साली ती प्रथम ध्वनिमुद्रित झाली. अकरा वर्षांनी त्याने तीच नव्याने बांधली, तेव्हा आरंभी बिल समर्स चक्क बिअरच्या बाटलीत फुंकर मारतो. मध्य आफ्रिकेतल्या अरण्यवासी लोकांची एकसुरी बासरी आणि कंठातला सूर आळीपाळीने काढण्याची जी रीत आहे, तिची ती नक्कल. मोझार्ट वाजवलेल्या माणसाला बाटलीचे वावडे नव्हते. मला मात्र ड्रमचे होते.

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो, की लोकप्रियता ही गुणवत्तेची कसोटी नव्हे. वाक्य खरे आहे. पण ती गुणहीनतेचाही पुरावा नव्हे, हे उरलेले अर्धे वाक्य मी कधी उच्चारले नाही. ज्याची पुस्तके खपतात त्या लेखकाविषयी आमच्या स्टाफरूममध्ये 'घसरला' हा शब्द किती सहज निघतो! तोच शब्द मी मनातल्या मनात पोटच्या पोराला लावून बसलो होतो.

दसऱ्याला पूजेसाठी तबल्याची जोडी माळ्यावरून खाली काढली. हळदकुंकू वाहून झाल्यावर मुलाने विचारले, "बाबा, पेटीवर ती ओळ धराल?"

पेटीचा भाता फाटका, माझी बोटे निर्ढावलेली. तरी सरड्याची ती ओळ कशीबशी बसवली. मुलाने गवसणी काढली, हातोडीने तबला मिळवला आणि ठेका धरला. चार आवर्तने बरी गेली. पाचव्याला त्याने एक अवघड तुकडा घेतला. मी हिशेब सोडून त्याच्या हाताकडेच पाहत राहिलो.

"बाबा," तो हात न थांबवता म्हणाला, "सम चुकली तुमची."

"चुकली खरी," मी म्हणालो. "पुन्हा धर."