गणवेश दिला, हक्क कधी देणार?

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले. सरकारी कचेऱ्यांतील काही अधिकारी, कर्मचारी, कंत्राटी नोकर व सल्लागार शोभेसा पोशाख करीत नाहीत आणि त्यामुळे शासनाची प्रतिमा जनमानसात मलिन होते, असा त्याचा आशय होता. जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरले, स्लिपरवर बंदी आली, शुक्रवारी खादी वापरावी असे सुचवण्यात आले. मार्च २०२१ मध्ये जीन्सला मुभा मिळाली; टी-शर्ट मात्र निषिद्धच राहिला. पुढे मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी तोच कित्ता गिरवला.

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी फेरफारासाठी, जातीच्या दाखल्यासाठी किंवा अतिवृष्टीच्या अनुदानासाठी शेतकरी एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. टेबलामागच्या कारकुनाची विजार कोणत्या कापडाची आहे, हे तो पाहत नाही. साहेब जागेवर आहेत की नाहीत आणि कागद कधी हलणार, एवढेच त्याला हवे असते. कोणतीही फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका टेबलावर राहू नये, असे २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर सेवांची मुदत फलकावर लावणे बंधनकारक केले आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांच्या शास्तीची तरतूद केली. शासनाची प्रतिमा मलिन होते ती हे कायदे कागदावर राहतात म्हणून. पण फाइलची मुदत पाळायला लावणे कष्टाचे आहे. सदऱ्याला कॉलर आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. सोप्या शिस्तीचा आग्रह धरून अवघड शिस्त टाळणे, ही नोकरशाहीची जुनी खोड आहे.

मराठवाड्याला तर ही खोड चांगली परिचयाची आहे. निजामाच्या दरबारात दस्तार आणि बगलूस यांवाचून प्रवेश नसे. त्या दस्तारीने रयतेवरची जुलमी वसुली कधी कमी केली नाही. याच उमरीत ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी हैदराबाद स्टेट बँक लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. त्या माणसांची आठवण आज निघते ती त्यांनी अंगावर काय घातले होते यासाठी नव्हे. लोकांच्या कामासाठी हाती आलेला पैसा लोकांच्याच कामी लावण्याची शिस्त त्यांच्यापाशी होती, म्हणून निघते.

याचा अर्थ पोशाखाचा प्रश्नच क्षुल्लक आहे, असा मात्र नाही. पोशाख हा आपल्या समाजात फार काळ जातीचा शिक्का होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची जातदर्शक रीत टाकून देण्यास सांगितले, ते याच कारणाने. तो उपदेश माणसाला शिक्क्यातून सोडवणारा होता. म्हणून पोशाखाच्या प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारला पाहिजे : हा नियम राबणाऱ्या माणसाला मोकळा करतो, की त्याला त्याची पायरी दाखवतो?

कामासाठी लागणारा पोशाख ही चैन नव्हे, संरक्षण आहे. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते. गटारात उतरावेच लागले तर संरक्षक साधने देण्याची जबाबदारी २०१३ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी काम देणाऱ्यावर टाकली. येथे पोशाखाचा नियम मालकाला बांधतो. कचेरीतल्या परिपत्रकात तो फक्त नोकराला बांधतो, आणि कापडाचा खर्चही त्याच्याच पगारातून वसूल होतो. ज्या राज्यात हातमोजे आणि बूट यांवाचून सफाई करणारे हात अजून दिसतात, त्या राज्याने टी-शर्टची चिंता वाहावी, यापरता विपर्यास कोणता?

या विपर्यासाचे सर्वांत उघडे उदाहरण म्हणजे अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती. सेविकेच्या गणवेशासाठी वर्षाला दोन साड्यांची तरतूद केंद्राच्या निकषांत आहे. ती साडी नेसून ती पोषण आहार वाटते, मुलांची वजने घेते आणि शासनाच्या वतीने दारोदार जाते. लोकांच्या दृष्टीने ती सरकारच. परंतु तिने वेतन मागितले की शासन म्हणते, हे मानधन आहे, ही मानसेवा आहे. ती नागरी पद धारण करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला तो २०२२ मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. गणवेशापुरती शासकीय आणि पगारापुरती स्वयंसेविका, ही सोय कोणाची आहे, हे सांगावयास नको.

कंत्राटी नोकरांचेही तेच. २०२० च्या परिपत्रकाने त्यांना पोशाखाच्या शिस्तीत आवर्जून घेतले, नोकरीच्या सुरक्षिततेत घेतले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांमार्फत भरतीचा शासननिर्णय निघाला. विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. संघटित रेट्यापुढे शासन हटते, हे त्यातून दिसले.

कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावे. पांढऱ्याशुभ्र खादीने पुढारी ओळखू यावा, हाही एक पोशाखाचा नियमच आहे. तो कोणी लिहिलेला नाही, एवढेच. खादी हे श्रमाचे चिन्ह होते, ते अधिकाराचे होऊ देता कामा नये.

प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी आता तीन गोष्टी हाती घ्याव्यात. सेवा हक्काचा फलक लागला आहे की नाही, हे कचेरीत जाऊन पाहावे आणि मुदत टळली की अपील दाखल करण्यास लोकांना मदत करावी. नगरपालिकेच्या सफाई कामगारांना, कंत्राटी असोत वा कायम, संरक्षक साधने मिळवून द्यावीत. आणि सेविका व आशा यांच्या लढ्यात केवळ पाठिंब्याचे पत्रक न काढता उभे राहावे. ज्याने गणवेश चढवला, त्याने हक्कही दिले पाहिजेत, ही मागणी गावोगाव पोचली तर पोशाखाचा वाद सार्थकी लागेल.